नवीन फिल्टर टाकल्यापासून स्टार्टला खडखड, नाहीतर बुडाशी ऑइल: फिल्टरची साइज कुठं नडते आणि कुठं नाही

प्रश्न दर वेळी थोडा वेगळा असतो पण मूळ एकच. सर्व्हिस झाली, ऑइल फिल्टर बदलला, नवा डबा जुन्यापेक्षा लांब निघाला किंवा बुटका निघाला, आणि त्यानंतर सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड होते, ऑइलचा लाल दिवा विझायला वेळ लावतो, नाहीतर फिल्टरच्या आजूबाजूला ओल दिसायला लागते. पुढच्या सर्व्हिसला परत तेच. गाडीवाला म्हणतो साइज चुकली, मेकॅनिक म्हणतो साइजने काय होतंय, बसला ना, मग झालं. दोघंही अर्धे बरोबर आहेत.

माझं म्हणणं सरळ आहे. डब्याची बाहेरून दिसणारी लांबी-रुंदी ही इंजिनाच्या दृष्टीने सगळ्यात कमी महत्त्वाची साइज. ज्या साइजा खरंच नडतात त्या दुरून दिसत नाहीत: आट्यांचं माप, सील रिंगचा व्यास, बायपास (कागदातून ऑइल जाईना की त्याला बाजूने वाट देणारा व्हॉल्व्ह) किती प्रेशरला उघडतो आणि आतलं रबर नीट झाकतं की नाही. ह्या चार गोष्टी जुळल्या तर लांब डबा बिनधास्त चालतो, आणि ह्यातली एक जरी चुकली तर अगदी जुन्याइतकाच दिसणारा डबासुद्धा त्रास देतो.

आधी ऑइल कुठून कुठं जातं ते बघू, कारण बराच घोळ इथंच आहे. स्पिन-ऑन फिल्टर, म्हणजे अख्खा पत्र्याचा डबा जो फिरवून लावतात, तो तोंडाकडून बघा. मधोमध एक मोठं आट्यांचं भोक आणि त्याच्या भोवती गोलात लहान लहान भोकं. पंपाचं ऑइल त्या लहान भोकांतून आत शिरतं, कागदाच्या घड्यांतून बाहेरच्या बाजूने आतल्या बाजूला गाळलं जातं आणि मधल्या मोठ्या भोकातून इंजिनाकडे जातं. बरेच जण नेमकं उलटं समजतात. लहान भोकांच्या मागे काळ्या नाहीतर केशरी रबराची चकती दिसते, ती अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह. इंजिन बंद झालं की ती भोकं झाकते आणि डब्यातलं ऑइल परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या बुडाशी ऑइल साठतं तिथं, उतरू देत नाही. एवढंच तिचं काम, पण सकाळच्या खडखडीचा सगळा खेळ बहुतेक वेळा ह्या चकतीवर असतो.

तुमचा फिल्टर इंजिनाला आडवा बसतो, की तोंड खाली करून उभा, की तोंड वर करून लटकलेला, हे आधी वाकून बघा. लटकलेला असेल तर डबा तसाही भरलेलाच राहतो, रबराचं फार काही अडत नाही. आडवा किंवा तोंड खाली असेल आणि रबर कडक झालेलं असेल तर रात्रभरात डबा रिकामा होतो आणि सकाळी पंपाला आधी तो डबा भरावा लागतो, मगच ऑइल पुढे चेन टेन्शनरला (टायमिंग चेन ताणून धरणारा पार्ट), हायड्रॉलिक टॅपेटला (ऑइलच्या प्रेशरवर व्हॉल्व्हची फट भरून काढणारा पार्ट), टर्बो असेल तर टर्बोला पोचतं. तोपर्यंत जो आवाज येतो तो कोरड्या पार्टचा.

आता इथं साइज कशी मधे येते बघा. समजा थंड स्टार्टला पंप मिनिटाला १० लिटर ऑइल ढकलतोय. रिकामा डबा ३०० मिलीचा असेल तर भरायला पावणेदोन सेकंदांच्या आसपास, ५०० मिलीचा असेल तर तीन सेकंद. म्हणजे रबर खराब असताना लांब डबा लावला की खडखड वाढलेली ऐकू येते आणि माणूस म्हणतो की बघा, मोठ्या फिल्टरमुळे झालं. मोठ्या फिल्टरमुळे वाढलं हे खरं, पण झालं रबरामुळे. तोच लांब डबा चांगल्या रबराचा असता तर सकाळी भरलेलाच असता.

हे तपासायचं कसं? नवीन फिल्टर लावायच्या आधी टूथपिकने लहान भोकातून रबर हलकंच दाबा. ते मऊपणे आत जाऊन परत जागेवर यायला पाहिजे. मग जुना फिल्टर काढला की त्याच्याही रबराला तसंच करून बघा, प्लॅस्टिकच्या झाकणासारखं ताठ लागलं तर उत्तर हातात आलं. साधं नायट्राइल रबर गरमीने हळूहळू कडक होतं, सिलिकॉनचं जास्त टिकतं. सिलिकॉन बऱ्याचदा केशरी-लाल असतं पण रंग म्हणजे गॅरंटी नाही, काळं सिलिकॉनही असतं आणि रंगीत नायट्राइलही, त्यामुळे डब्यावर किंवा कॅटलॉगमध्ये काय लिहिलंय ते वाचा. अजून खात्री हवी असेल तर रात्रभर उभ्या गाडीचा फिल्टर सकाळी स्टार्ट न करता ट्रे धरून खोला. तोंड खाली असलेल्या डब्यातून जवळपास काहीच ऑइल निघालं नाही तर रबर झाकत नव्हतं. निघेल तेव्हा भरपूर निघेल हेही लक्षात ठेवा, बाहीवर ओघळ येतो.

आणि फिल्टरवर आळ घ्यायच्या आधी एक गोष्ट करून बघाच. बऱ्याच फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून स्टार्टर मारला की पेट्रोल बंद राहतं आणि इंजिन नुसतं फिरतं. तुमच्या गाडीत हे चालत असेल तर सकाळी तसं पाच-सात सेकंद फिरवा, ऑइलचा दिवा विझला की पाय काढा आणि लगेच नेहमीसारखी स्टार्ट करा. खडखड गायब झाली तर ऑइल उशिरा पोचत होतं. ऑइल पोचलेलं असूनही खडखड तशीच असेल तर चेन, टेन्शनर, व्हीव्हीटीचा (व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणारा) गिअर तिकडे बघा, तिथं फिल्टर कितीही बदला, नुसता खर्च. दिव्याबद्दल एक सांगतो, त्याचा स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारला काम करतो, म्हणजे दिवा विझला याचा अर्थ प्रेशर पूर्ण आलं असा नाही, शून्याच्या वर सरकलं एवढाच. त्यामुळे दिवा वेळेवर विझतो म्हणून सगळं ठीक, हे काही खरं नाही.

आता आटे. इथली साइज चुकली तर खडखडीवर भागत नाही, थेट इंजिन जातं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. कार फिल्टरमध्ये दोन मापं फार सापडतात. एक ३/४-१६, म्हणजे पाऊण इंच व्यास आणि इंचात १६ आटे, मिलिमीटरमध्ये १९.०५ व्यास आणि साधारण १.५९ पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. दुसरं एम२० × १.५, व्यास २० आणि पिच १.५. पिच इतकी जवळ आहे की एम२० चा डबा ३/४ च्या स्टडवर (इंजिनावरचा आट्यांचा दांडा) हाताने छान फिरत जातो, रिंग टेकते, घट्ट झाल्यासारखाही वाटतो आणि गाडी स्टार्ट करून बघितली तर थेंबही गळत नाही. पण हिशोब करा. एम२० च्या डब्यातल्या आट्यांचा आतला व्यास साधारण १८.४ मिमी. त्यात १९.०५ चा स्टड म्हणजे प्रत्येक बाजूला जेमतेम ०.३ मिमी पकड. योग्य स्टडवर हीच पकड ०.८ मिमी असते. निम्म्याहून कमी.

आणि त्या पकडीवर लोड किती येतो? रिंगचा व्यास ६२ मिमी धरा, ऑइल प्रेशर ५ बार धरा. क्षेत्रफळ साधारण ३,००० चौरस मिमी, त्यावर १,५०० न्यूटन, म्हणजे दीडशे किलोचं वजन तो डबा इंजिनापासून लांब ढकलतंय, आणि थंड स्टार्टला लगेच रेस दिली तर प्रेशर अजून वर जातं. रिंग ७२ मिमीची असेल तर तेवढ्याच प्रेशरला दोनशे किलो. म्हणून आटे अर्धवट धरलेला डबा थांबलेल्या गाडीत काही दाखवत नाही आणि रस्त्यावर एखाद्या दिवशी सुटतो, मग चेंबर रिकामा व्हायला किती वेळ लागणार. त्यामुळे "बसतोय की" हे उत्तर मला अजिबात चालत नाही. खोक्यावर किंवा कॅटलॉगमध्ये आट्यांचं माप लिहिलेलं असतं, ते जुन्याशी जुळवा. डबा तीन-चार आटे फिरवून रिंग टेकायच्या आधी बाजूला हलवून बघा, थोडासा ढिलेपणा असणारच पण डुगडुगत असेल तर तिथंच थांबा. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेलला वेगळा फिल्टर असतो, कधी तर एकाच वर्षात इंजिन बदललेलं असतं, म्हणून गाडीच्या नावावरून नाही तर इंजिन कोडवरून शोधा.

रिंगचा व्यास चुकला तर वेगळी गंमत. इंजिनावर जी मशीन केलेली सपाट गोल पट्टी असते त्या पट्टीवर रिंग पूर्ण बसली पाहिजे. रिंग दोन-तीन मिमी मोठी असेल तर तिचा बाहेरचा काठ हवेत राहतो, सुरुवातीला सील धरते आणि गरम-थंड होत होत पाझरायला लागते. व्हर्नियरने पट्टीचा आतला आणि बाहेरचा व्यास घ्या, रिंग त्या दोन्हींच्या मधे पडतेय का बघा, झालं.

पण दर सर्व्हिसनंतर बुडाशी ऑइल दिसतंय म्हणून साइज चुकली असं लगेच धरू नका. जुन्या फिल्टरची रिंग इंजिनालाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसवला, हे कारण मला साइजपेक्षा जास्त वेळा दिसतं. दोन रिंगा एकावर एक बसल्या की सुरुवातीला धरतात आणि मग एकदम सगळं बाहेर. जुना डबा काढल्यावर त्याच्या तोंडाला रिंग आहे ना हे बघायला दोन सेकंद लागतात. मग पट्टी कोरड्या फडक्याने पुसा, नव्या रिंगला बोटाने ऑइल लावा, हाताने फिरवा, रिंग टेकली की तिथून साधारण पाऊण फेरा, किंवा त्या डब्यावर जे छापलंय ते. पाना लावून पिळायची गरज नसते, पिळलेला डबा पुढच्या वेळी निघत नाही आणि मग स्क्रूड्रायव्हर आरपार घालून काढायची वेळ येते. तरीही ओल दिसत असेल तर सगळं स्वच्छ पुसून टिश्यू पेपर वरून खाली फिरवा. प्रेशर स्विच नाहीतर टॅपेट कव्हरचं गॅस्केट वरून गळतं, ओघळ फिल्टरवर येतो आणि नाव फिल्टरचं होतं.

बायपास व्हॉल्व्ह ही चौथी साइज. थंड ऑइल घट्ट असतं, नेहमीचं ३० ग्रेडचं ऑइल ४० अंशाला १०० अंशाच्या मानाने सहा-सात पट घट्ट, त्याच्याही खालच्या तापमानाला तर विचारूच नका. ते कागदातून पटकन जात नाही, मग कागदाच्या आधी आणि नंतरच्या प्रेशरमध्ये फरक वाढतो आणि तो ठरलेल्या आकड्याच्या पुढे गेला की बायपास उघडतो, ऑइल न गाळता इंजिनाला जातं. बिनगाळलेलं ऑइल परवडलं पण कोरडं इंजिन नको, असा विचार आहे तो. हा आकडा कुठं ८ पीएसआय (एक बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय), कुठं २० च्याही पुढे. हे ऑइल प्रेशर नाही हां, दोन बाजूंमधला फरक आहे, यावरून लोक उगाच भांडतात की माझं प्रेशर ६० आहे मग बायपास कायम उघडाच असेल. काही इंजिनांत बायपास फिल्टरमध्ये असतो, काहींत ब्लॉकमध्येच, आणि ब्लॉकमध्ये असेल तर फिल्टरमध्ये नसला तरी चालतो. पण ज्या इंजिनाला फिल्टरमधला बायपास लागतो तिथं बिगर-बायपासचा डबा लावला तर थंडीत कागदाच्या घड्या चेपून फाटू शकतात. आणि २० चा पाहिजे तिथं ८ चा लावला तर तो जरा रेस दिली की उघडणार, कागद कितीही भारी असला तरी ऑइल त्याला वळसा घालून जाणार.

मग डबा मोठा घेण्यात फायदा काहीच नाही का? आहे, आणि चांगला आहे, फक्त तो खडखडीचा इलाज नाही. साधा हिशोब घ्या, आत ५० घड्या आहेत, प्रत्येक १२ मिमी खोल, उंची ६० मिमी. घडीच्या दोन बाजू धरून कागद झाला ७२० चौरस सेंमी. उंची ८० केली तर ९६०. म्हणजे तिसरा हिस्सा जास्त. तेवढंच ऑइल जास्त कागदातून जातंय म्हणून अडथळा त्याच प्रमाणात कमी होतो, बायपास कमी वेळा उघडतो आणि कचरा धरायला जागा जास्त मिळते. ऑइल लांबच्या अंतराने बदलणाऱ्याला हे कामाचं. डिझेलवाल्यांनी मात्र एक समजून घ्या, ऑइल काळं करणारी काजळी इतकी बारीक असते की फिल्टर मोठा असो की लहान ती कागदातून आरामात जाते, तिला ऑइलमधली केमिकल्स सुटी धरून ठेवतात, त्यामुळे मोठा फिल्टर लावला तरी ऑइल काळं झालं अशी तक्रार करू नका. जुन्या एअर-कूल्ड फोक्सवॅगन बीटलला तर कागदाचा फिल्टरच नव्हता, नुसती जाळी होती, आणि म्हणूनच तिचं ऑइल लवकर लवकर बदलावं लागायचं.

बुटका डबा लावला तर वरचाच हिशोब उलटा. लगेच काही होत नाही, अडीअडचणीला चालवा, पण ऑइल बदलायचं अंतर तेवढंच ठेवू नका, कारण कंपनीने ते अंतर मोठ्या कागदाच्या भरवशावर दिलेलं असतं.

आणि डबा लांब म्हणजे कागद जास्त असं धरून चालू नका. लांब डब्यात बुटका कागद आणि खाली नुसती स्प्रिंग, असेही नग निघतात. जुना फिल्टर निथळून फिल्टर कटरने कापून बघा, करवतीने किंवा ग्राइंडरने नको, नाहीतर लोखंडाचा भुगा कागदावर पडतो आणि इंजिनाचा चुरा कुठला आणि करवतीचा कुठला कळत नाही. घड्या सुट्या करून उजेडात धरा. सगळ्या एकसारख्या उभ्या असतील तर ठीक. दोन-चार ठिकाणी घड्या एकमेकींना चिकटून आत पिचकलेल्या असतील तर प्रेशरचा फरक जास्त झाला होता, बायपास उघडला नाही किंवा कागद कमी पडला. जिथं कागदाची दोन टोकं जोडलेली असतात तो जोड सुटलेला असेल तर तो फिल्टर गाळतच नव्हता. मग चुंबक फिरवा. गाळण्याची तुलना करायची असेल तर किती मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांना किती टक्के, असे दोन्ही आकडे आणि आयएसओ ४५४८-१२ ची टेस्ट लिहिलेली बघा, नुसतं "२० मायक्रॉन" लिहिलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही.

ज्यांच्या गाडीत डबा नाही, नुसता कागदाचा कार्ट्रिज प्लॅस्टिकच्या झाकणात बसतो, त्यांच्यासाठी नियम कडक. तिथं साइजमध्ये सवलत नाही. कार्ट्रिज दोन-तीन मिमी बुटका असला की त्याची टोकं दाबून बसत नाहीत आणि ऑइल बाजूने निघून जातं. प्रेशर ठीक, दिवा ठीक, आवाज नाही, काहीच कळत नाही आणि इंजिन बिनगाळलेल्या ऑइलवर चाललेलं असतं. गळती असेल तर झाकणाची ओरिंग बघा, झाकणाला बऱ्याचदा दोन-तीन खाचा असतात आणि ओरिंग चुकीच्या खाचेत चढवलेली असते. झाकणावर बहुतेक वेळा २५ एनएम (न्यूटन-मीटर) असा काहीतरी टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, छापलेला असतो, तो वाचा आणि तेवढंच घट्ट करा, प्लॅस्टिक आहे ते.

गरम झाल्यावर आयडलला दिवा लुकलुकतोय म्हणून मोठा फिल्टर शोधत असाल तर शोधू नका. गरम पातळ ऑइलला चांगल्या फिल्टरचा अडथळा अगदी थोडा असतो. तिथं ऑइल ग्रेड, ऑइलमध्ये मिसळलेलं पेट्रोल, चेंबरमधली जाळी, पंप आणि बेअरिंग असं क्रमाने बघावं लागतं, आणि आधी स्विच काढून तिथं मेकॅनिकल गेज लावून खरं प्रेशर मोजा.

लांब डबा बसवायचाच असेल तर बसवून झाल्यावर चारी बाजूंनी बोट फिरवा, सायलेन्सरचा पाइप, एक्सल, खालचं कव्हर कुठंच जवळ नको, कारण इंजिन रेस देताना हलतं, आणि डबा चेंबरच्या खाली लोंबत असेल तर पहिला दगड त्यालाच लागणार. मग स्टार्ट करून मिनिटभर चालवा, बंद करून पाचेक मिनिटं थांबा आणि डिपस्टिक बघा. नवा डबा जुन्यापेक्षा जेवढं ऑइल जास्त पितो तेवढी लेव्हल खाली आलेली असते, ती आता भरा, आधीच अंदाजाने जास्त ओतून ठेवू नका.